कुणी रडलं का

कावळा पप्पांच्या डोक्यावर बसला तेव्हा शाळेची घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि मी फाटकाबाहेर वाकून बुटाची लेस बांधत होते. पप्पा तिथं नव्हते. पप्पा सीमेवर होते, कुठल्या ते सांगायची मनाई होती, आणि शाळेच्या फाटकावर होता तो त्यांचा फ्लेक्स. ‘आमच्या शाळेचा अभिमान, नाईक रामहरी बब्रुवान, मु. पो. अणदूर’. खाली गॉगल लावलेल्या सहा शुभेच्छुकांचे फोटो, आणि ते पप्पांपेक्षा स्पष्ट. कारण पप्पांचा फोटो पासपोर्टचा, ताणून ताणून एवढा मोठा केलेला की जवळून पाहिलं तर चेहऱ्याचे नुसते ठिपके दिसायचे. पहाटेच्या वाऱ्यानं वरची दोरी ढिली झाली होती आणि टोपीचा भाग पुढं झुकून आला होता. कावळा त्यावर उतरला. दोनदा पाय बदलले, टोपीवर चोच पुसली, इकडून तिकडून, सुरीची धार पुसतात तशी, आणि उडून लिंबावर गेला. शिपाई सिदूमामा पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभे होते. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. मी लेस अर्धी सोडून आत गेले.

आमच्या घरात कावळा ही चेष्टेची गोष्ट होती आणि भीतीचीही. पप्पा सात वर्षांचे असताना अणदूरला खळ्यावर कावळ्यानं त्यांच्या डोक्याला पाय लावला. कावळा शिवला म्हणजे मरणाचा सांगावा. आज्जीनं, म्हणजे पप्पांच्या आईनं, हरणाबाईनं, कुणाला विचारलं नाही की सवरलं नाही. गावातल्या एका माणसाला तिनं सायकलवर मुरुमला पिटाळलं, तिच्या भावाच्या घरी, निरोप देऊन: रामहरी गेला. तिकडं आकांत झाला. भावजयीनं ऊर बडवून घेतलं, भावानं भिंतीवर डोकं आपटलं, पंधरा माणसं मिळेल त्या गाडीनं अणदूरला आली, आणि बघतात तर पप्पा ओट्यावर बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खातायत. मग शिव्या, मग हसणं, मग गुळवणी-पोळीचं जेवण. “डोळ्याला पाणी आलं की मरणाला वाटतंय आपलं काम झालं,” आज्जी सांगायची. “आल्या पावली माघारी जातंय ते.” पप्पा सुट्टीवर आले की ही गोष्ट स्वतःच सांगायचे, ताटावर बसून, हात हलवत. “मी एकदा मरून बसलोय. मला आता काय होत न्हाय.” आई म्हणायची, जेवताना बरं बोला. पण हसायची.

परिपाठाला मला रोज पुढं उभं करायचे. सीमेवर लढाई सुरू झाली त्याला सोळा दिवस झाले होते, आणि त्यातले तेरा दिवस मी आठवी ब च्या रांगेत नव्हतेच. मुख्याध्यापकांच्या शेजारी, माईकच्या डाव्या हाताला, सगळ्या शाळेकडं तोंड करून. वीरकन्या. हा शब्द सरांनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मला घाम फुटला होता. मग सवय झाली. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. त्या दिवशी समोर सहाशे तोंडं होती आणि मला फक्त टोपीवर पुसलेली चोच दिसत होती. फोटोला कावळा शिवला तर तो माणसाला लागतो का? मी स्वतःशी भांडत होते. फोटो म्हणजे कागद; हा तर कागदही नाही, प्लॅस्टिक आहे. पण पप्पा सुट्टी अर्धी टाकून गेले तेव्हा आज्जीनं त्यांच्या फोटोवरून मीठ-मिरच्या उतरवल्या होत्या, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट मोठी होती असंही सांगितलं होतं. फोटोला मीठ लागतं तर कावळाही लागतो. यातून सुटायला मला वाट सापडेना. प्रतिज्ञेत माझा हात खाली आला आणि सरांनी माझ्याकडं पाहिलं.

लढाई आमच्यापासून फार लांब होती. आम्ही राहायचो त्या धाराशिवात विमान दिसत नाही, कधी दिसलं तर पोरं गच्चीवर पळतात. पण गावाला लढाई आवडली होती, हे मी आज सांगते, तेव्हा मला तसं म्हणताही आलं नसतं. रोज सकाळी भोंगा वाजायचा, तपासणीचा. तो वाजला की आम्ही बाकाखाली शिरायचो, कानात बोटं, तोंड उघडं. बाकाखाली च्युइंगमचे वाळके गोळे दिसायचे आणि मागच्या बाकावरचा उत्कर्ष ओठ मिटून ड्रोनचा आवाज काढायचा. चित्रकलेच्या तासाला आम्ही मैद्याची खळ शिजवून खिडक्यांना काळे कागद चिकटवले. चैत्राचं ऊन, कागद तापायचे, वर्गात खळीचा आंबूस वास आणि अंधार, आणि त्या अंधारात गणिताचा सराव, कारण वार्षिक परीक्षा लढाईसाठी थांबणार नव्हती. माझं गणित चुकलं की बाई रागवायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, “तुझे वडील तिकडं काय करतायत, आणि तू इकडं?” मला वाटायचं की मी अपूर्णांक चुकले तर तिकडं काहीतरी चुकेल. भाजीवाली मावशी कोथिंबिरीची एक काडी जास्त घालायची. गल्लीतल्या बायका आईशी हळू आवाजात बोलायच्या, आजारी माणसाशी बोलावं तसं. आम्ही सांजा रोडला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, माझ्या शाळेसाठी. आई साड्यांना फॉल-पिको करायची. मशीन चालू असलं तरी फोन तिच्या मांडीवर असायचा.

कारण फोनचं ठरलेलं होतं. पप्पांना बोलायला मिळायचं नाही. कधी कुणाचा फोन हातात आला तर ते एक रिंग द्यायचे आणि तोडायचे. नंबर कुठलाही असो, एकच रिंग. एक रिंग म्हणजे मी आहे. त्यासाठी फोन मोकळा पाहिजे, म्हणून आई दुसऱ्या कुणाचाही फोन वाजला की लगेच कापायची, भावाचा सुद्धा, आणि मी फोनला हात लावला तर तिचा हात आधी माझ्या मनगटावर यायचा. पहिले बारा दिवस एक दिवसाआड रिंग आली. मग चार दिवस काही नाही. त्या चार दिवसांत आई साड्यांचे फॉल उलटे लावायची आणि उसवायची. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आमच्यात एक नवीन सभ्यता आली होती. भाजीत मीठ नसलं तरी मी गुमान खायचे.

माईकपासून वर्गात येईपर्यंत आणि मग विज्ञानाच्या तासाला मला सारखं अणदूर आठवत राहिलं. आमचा खंडोबा एकच, पण त्याला घरं दोन. वर्षातले दहा महिने तो अणदूरला असतो आणि दोन महिने नळदुर्गाला. नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्हीकडचे मानकरी बसतात, कागद करतात, देव अमक्या दिवशी नेला, अमक्या दिवशी परत देऊ. पप्पांचं नेमकं उलटं. दोन महिने घरी, दहा महिने तिकडं. सहा वर्षांची असताना मी आज्जीला विचारलं होतं की पप्पांना नेताना कागद कोण करतं, परत देऊ म्हणून सही कुणाची असते? आज्जी पदराआड हसली आणि मग एकदम हसायची थांबली. “देवाला परत मागाय गाव हाय,” ती म्हणाली. “त्येच्या नोकरीचा कागद येगळा.” त्या वेळी आम्ही पारावर बसलो होतो आणि तिच्या हातात बोरं होती. तिनं मला त्यातली चांगली चांगली दिली.

विज्ञानाचा तास संपता संपता माझं ठरलं. मी आजवर बऱ्याच गोष्टी न कळून केल्या, पण ही पूर्ण कळून केली, हे मला लपवायचं नाही. रडणारं माणूस पाहिजे होतं. खरं वाटून रडणारं, आणि एवढ्यात. आईला सांगणं शक्य नव्हतं. आज्जीला हा उपाय माहीत होता, ती फसली नसती. आणि माझ्याकडं फोन नव्हता. उरली निकिता. माझ्या शेजारी बसणारी, पहिलीपासूनची. निकितासारखं रडणारं माणूस मी पाहिलेलं नाही. बार्शी नाक्यावर कुत्र्याचं पिल्लू गाडीखाली आलं तेव्हा ती दोन दिवस रडली होती. मराठीच्या पुस्तकातल्या धड्याला रडायची, तोही दर वर्षी नवा. पप्पा सुट्टीवर आले की तिलाही गाडीवर पुढं बसवून चक्कर मारायचे आणि ती त्यांना पप्पाच म्हणायची. सुईला दोरा निवडावा तशी मी तिला निवडली. लहान सुट्टीत नळापाशी, ती ओंजळीनं पाणी पीत असताना, मी म्हणाले, “निकिता, पप्पा गेले.”

तिच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या डोळ्यांकडं बघत होते, खालच्या पापणीकडं, तिथं पाणी भरतं ना आधी, तिथं. मनात मोजत होते. तिचे डोळे मोठे झाले. मोठे झाले आणि चमकले, पण ती चमक वेगळी होती, बक्षीस जाहीर होताना असते तशी. “शहीद?” ती म्हणाली, कुजबुजत. हा शब्द मी काढलाच नव्हता. “थांब, सरांना सांगते.” मी तिचा फ्रॉक धरला, “कुणाला सांगू नको, फक्त तू रड,” असं मी खरोखर म्हणाले, तोंडातून निघूनच गेलं, पण ती पळाली होती. माझ्या हातात फ्रॉकचा बंद राहिला.

अवेळी घंटा झाली. सहाशे पोरं पुन्हा मैदानात, आणि मी पुन्हा माईकच्या डावीकडं. सरांनी आईला तीन वेळा फोन लावला होता आणि आईनं तीनही वेळा कापला होता. तिनं लाइन मोकळी ठेवली, सरांनी अर्थ वेगळा घेतला. “वहिनी बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीत,” ते दुसऱ्या सरांना म्हणाले. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पुष्कळ जण मला हे सांगून गेलेत. पण मी समोर बघत होते. सहाशे जण! एवढ्यांत एक तरी रडेल. एक पुरे होता. मी रांगांवरून नजर फिरवत होते, पाचवीपासून दहावीपर्यंत, जेवताना ताटातला खडा शोधावा तशी. सर म्हणाले, “आज रडायचा नाही, अभिमानाचा दिवस आहे. सावधान!” आणि सहाशे हनुवट्या वर झाल्या. सावधानमध्ये रडता येत नाही. दोन मिनिटं शांतता झाली, मग घोषणा झाल्या, अमर रहे, अमर रहे, आणि उत्कर्षचा आवाज सगळ्यांत मोठा. बाईंनी मला छातीशी धरलं. मी तोंड वर करून त्यांचे डोळे पाहिले. कोरडे होते. त्या माझ्या डोक्यावरून मैदानाकडं बघत होत्या. “शूर आहे पोरगी,” त्या म्हणाल्या, “डोळ्यातून टिपूस नाही.”

मग मला घेऊन सगळे घरी निघाले, चालत, रस्त्याच्या मधून. वाटेत माणसं मिळत गेली. कुणी मोबाइल उंच धरून चाललेलं, कुणी कुणाला फोनवर सांगत होतं, हो हो, आपल्याच सांजा रोडचा. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होते. माझं सगळं धैर्य आता पायांत गोळा झालं होतं आणि ते पाय आपोआप घराकडं चालले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी घोषणा पुन्हा सुरू झाल्या. आई दारात आली. तिच्या हातात जांभळी साडी होती, सुई टोचलेली. तिनं घोषणा ऐकली, नाव ऐकलं. मी म्हटलं आता. आता आई. देवा, आईला रडू दे, मग मी सांगते, लगेच सांगते. आईचं तोंड मिठासारखं पांढरं झालं. पण ती रडली नाही. फौजीची बायको होती, तिनं साडी खाली ठेवली आणि विचारलं, “कुणाचा फोन आला? मला आला नाही तर तुमाला कुणाचा आला?” सरांनी निकिताकडं पाहिलं, निकितानं माझ्याकडं. आई माझ्याकडं वळली. आणि त्याच वेळी तिच्या हातातला फोन वाजला. एकदा. आणि थांबला.

आई भिंतीला टेकून खाली बसली. “हायत,” ती म्हणाली. “हायत त्ये.” तिनं ज्या तऱ्हेनं ते म्हटलं त्यात शंकेला जागा नव्हती. आणि मग मी लोकांचे चेहरे पाहिले. देवाशपथ सांगते, कुणाला वाईट वाटावं म्हणून नाही; पण आधी त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, जेवणाची पंगत उठवली की उतरतं तसं, आणि मगच त्यांना आनंद झाला. “चला, बरं झालं,” कुणीतरी म्हणालं. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सवाला पोचला होता, नवा फ्लेक्स गुंडाळून खांद्यावर. तोच फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याला कुणीतरी हातानं परत जा म्हणून खुणावलं. गल्ली रिकामी झाल्यावर आईनं दार लावलं आणि मला मारलं. हातानं, मग मशीनच्या पट्ट्यानं. मारताना सुद्धा ती रडली नाही, दातावर दात होते. मी म्हणत होते, कावळा शिवला, आई, कावळा शिवला. तिला ऐकू गेलं नाही.

चार वाजता अणदूरहून आज्जी आली, तुळजापुरात एसटी बदलून. तिला कळलं होतं. गावातल्या पोरांनी मोबाइलवर दाखवलं होतं. नंतर खोटं आहे असंही कळलं होतं, ते नळदुर्गाला. तिनं पिशवी ठेवली, माझ्या दंडावरचे वळ पाहिले, आईकडं पाहिलं, आणि माझ्यासमोर बसली. का केलंस असं सगळे विचारून गेले होते. तिनं तसं विचारलं नाही.

“कुटं शिवला?” ती म्हणाली.

“शाळेच्या फाटकावर. फोटोला. टोपीवर.”

तिनं मान हलवली. मग माझी हनुवटी वर केली. “आन कुणी रडलं का?”

मी आठवलं. निकिता नाही. सर नाही, बाई नाहीत. सहाशे पोरं नाहीत. रस्त्यावरचे नाहीत. आई नाही. मी तर नाहीच, मला माहीत होतं. “आज्जी, तुमी?” मी म्हणाले. “तुमाला खरं वाटलं असंल की. तुमी रडला असाल.”

आज्जीनं माझी हनुवटी सोडली. “पोरांनी दावलं तवा म्या म्हणलं, ह्यो कावळाच हाय,” ती म्हणाली. “माझंच औशद, मला कसं लागू पडंल? अन् गावात कोण रडलं म्हणशील तर न्हाय गं. समदी म्हनली, गावाचं नाव झालं. म्हातारे, तुझं नशीब.”

“मग आता रडा ना. आता रडलं तर न्हाय चालत?”

“ठावं असून रडलेलं त्येला कळतंय,” आज्जी म्हणाली. ‘त्येला’ म्हणजे कुणाला, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मशीनवर बसलेली आई एकदम ओरडली, “बास करा तुमी दोघी! रिंग आलीया. हायत त्ये.” आज्जी म्हणाली, “व्हय गं बाई, हाय माझं लेकरू,” आणि उठून चहाला आधण ठेवलं. ती त्या दिवसापासून आमच्याकडंच राहिली. परत जायचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी परिपाठाला पुन्हा रांगेत उभी राहू लागले. वर्गात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं; निकितानं जागा बदलली, कारण सगळ्यांसमोर ती खोटी पडली होती. खिडक्यांवरचे काळे कागद उन्हानं भाजून कडेनं सुटायला लागले होते, त्यातून उजेडाच्या रेघा वहीवर पडायच्या. भोंगा वाजला की मी बाकाखाली जायचे आणि तिथं कानात बोटं घालून रडायचा सराव करायचे. मला वाटायचं, ठाऊक असून रडताना एखाद्या क्षणी विसरायला होईल आणि तेवढं पुरेल. तसं एकदाही झालं नाही. रिंग आणखी तीनदा आली. आईनं माझ्याशी बोलायला सुरुवात केली, भाजीत मीठ बरोबर पडायला लागलं. मी पोटातून हलकी होत चालले होते. कावळा प्लॅस्टिकवर बसला होता, माणसावर नाही, असं मी आता दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

नवव्या दिवशी इतिहासाचा पेपर होता. मी घरी आले तर गल्लीच्या तोंडाशी सरकारी जीप उभी होती आणि दोन माणसं आमच्या दारात, टोपी काखेत धरून. शेजारच्या काकू मला बघून दुसऱ्या काकूंना म्हणाल्या, “काय गं, पुन्हा?” आणि त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण आत आज्जीनं हंबरडा फोडला होता.

ह्या खेपेला सगळे आले. सर आले, बाई आल्या, सहाशे पोरं अणदूरपर्यंत गाड्या करून आली आणि दोन-दोनच्या रांगेत उभी राहिली. फ्लेक्सही तोच होता, गुंडाळून ठेवलेला. वरची तारीख तेवढी नवीन चिकटवली होती. पप्पा गाडीतून आले, झाकलेले, आणि उघडून दाखवायची मनाई होती. अणदूरच्या माळावर ऊन नुसतं पेटलं होतं. आई रडली, तिला चार बायकांनी धरलं. सर माईकवर बोलायला उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना, त्यांनी चष्मा काढला. बाई रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होत्या. उत्कर्ष, ड्रोनचा आवाज काढणारा, बाहीनं नाक पुसत होता. सिदूमामा रडत होते, फ्लेक्सवाला रडत होता, भाजीवाली मावशी एवढ्या लांब आली होती आणि मातीत बसून रडत होती. निकिता धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि तिचं पाणी माझ्या मानेवरून आत पाठीवर गेलं, गरम. मी ताठ उभी होते. शूर आहे पोरगी, कुणीतरी मागं म्हणालं.

मी रांगांवरून नजर फिरवत होते, पाचवीपासून दहावीपर्यंत, एकेक चेहरा. एकही डोळा कोरडा नव्हता. यातला एक, कुठलाही एक, कावळा बसला त्या दिवशी पाहिजे होता.